जामचं एक पान: विषयाकडून प्रश्नाकडे



गेल्या महिन्यात पेटची तयारी करणाऱ्या दोघीतिघींनी मला जवळपास एकच गोष्ट विचारली. "ताई, विषय ठरलाय. पण सिनॉप्सिस लिहायला बसलं की दोन पानांनंतर काही सुचत नाही. काय चुकतंय?" बहुतेक वेळा चुकत काहीच नसतं. हातात विषय असतो, प्रश्न नसतो, एवढंच. मला स्वतःला हे कळायला दीड वर्ष लागलं, आणि कळलं ते जामच्या एका पानावरून. आजची पोस्ट त्या पानाबद्दल आहे. वाचताना वही-पेन जवळ ठेवा, शेवटी तुम्हालाही काम आहे.

माझं संशोधन विसाव्या शतकातल्या मराठी घरांमधल्या साठवणीच्या पदार्थांवर चाललंय. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी मोठ्या आत्मविश्वासानं एक वाक्य ठोकून दिलं होतं: 'पाश्चात्त्य प्रभावामुळे मध्यमवर्गीय घरांत जाम रुजला.' मॅडमनी त्याखाली पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला, "कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते वाक्य मी कुठे वाचलं होतं असंही नाही. ते खरं वाटत होतं म्हणून लिहिलं होतं. असं वाक्य तुमच्याही सिनॉप्सिसमध्ये कुठेतरी बसलेलं असणार, आत्ताच शोधून ठेवा.

पान

आजोळ संगमेश्वर तालुक्यातलं. आजीची पाककृतींची एक वही आहे, पुठ्ठा सुटलेली, तेलाच्या डागांनी काही पानं पारदर्शक झालेली. त्यात एका पानावर हे आहे:

'आंब्याचा जाम. रायवळ रस 4 किलो, त्यात दोन-तीन आंबे अर्धे कच्चे. साखर 3 किलो (कंट्रोल 2, बाहेरची 1). लिंबं 5. सारखं ढवळावं. थेंब बशीत टाकून बशी वाकडी करावी, धावला नाही की झालं. गरम असतानाच भरावं. वर मेण.'

तारीख नाही. कुणाकडून घेतलं ते नाही. 'किलो' हा शब्द दोन्ही ठिकाणी काहीतरी खोडून वर लिहिलाय, आणि खोडलेलं अक्षर नीट पाहिलं तर 'शेर' दिसतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला यात फक्त पाककृती दिसली. फोटो काढला, फोल्डरमध्ये टाकला आणि विसरले. दुसऱ्यांदा वाचलं ते मॅडमच्या "कशावरून"नंतर. तेव्हा नजर कंसात अडकली. पाककृतीत साखर किती हे लिहितात. साखर कुठली हे कोण लिहितं? आणि का?

आधी पातेल्यात काय होतं ते समजून घ्या

पदार्थाचा इतिहास लिहायचा तर पदार्थ कसा होतो ते माहीत हवं. ही पायरी इतिहासाचे विद्यार्थी टाळतात, आणि मग साधनातल्या निम्म्या गोष्टी त्यांना दिसतच नाहीत.

जाम घट्ट होतो तो तीन गोष्टींमुळे: पेक्टिन, आम्ल आणि साखर. पेक्टिन फळाच्या पेशींच्या भिंतींत असतं. हेन्री ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1825 मध्ये त्याला हे नाव दिलं. फळ पुरतं पिकलं की पेक्टिन मोडत जातं, म्हणून 'दोन-तीन आंबे अर्धे कच्चे'. लिंबानं आंबटपणा वाढतो आणि पेक्टिनचे धागे एकमेकांना धरायला लागतात. साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे ते धागे जवळ येतात, आणि बुरशीला वाढायला लागणारं मोकळं पाणीही उरत नाही. उकळत्या जाममध्ये विरघळलेला ऐवज साधारण 65 ते 68 टक्क्यांवर गेला की तो नीट बसतो. समुद्रसपाटीला तेव्हा तापमान 105 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आजीकडे थर्मामीटर नव्हता, तिची बशी तेच काम करत होती.

आता आकडेमोड करू. आंब्याच्या रसात घन भाग सुमारे 16 टक्के धरला तर 4 किलो रसात तो 640 ग्रॅम होतो. त्यात साखर 3 किलो. एकूण 3,640 ग्रॅम. हा ऐवज 68 टक्के असेल तर जाम होतो सुमारे 5 किलो 350 ग्रॅम. म्हणजे पातेल्यात घातलं 7 किलो आणि निघालं सव्वापाच किलोच्या थोडं वर. दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन गेलं. ते घालवायला लागलेलं सरपण आणि ढवळणारा हात पानावर नाहीत.

आणि जो जाम निघाला, त्यात 56 टक्के साखर. नाव आंब्याचं, पण बरणीत अर्ध्याहून जास्त साखर आहे. आंबे तर परसात पडत होते, त्यांना पैसे पडत नव्हते. साखर मात्र घरात पिकत नाही. ती बाहेरूनच यायची.

इथे माझा विषय पहिल्यांदा हलला. 'मराठी घरात जाम कुठून आला' हे विचारण्यापेक्षा 'जाम करायला लागणारी साखर घरात कशी आली' हे विचारलं तर साधनं मिळतात. पहिल्या प्रश्नाला 'प्रभाव' असं गुळगुळीत उत्तर मिळतं. दुसऱ्या प्रश्नाला जहाजं, कायदे, कारखाने आणि रेशनकार्डं मिळतात.

शब्दांवर भाळू नका

शब्दांचा माग काढायचा मोह होतो, तो काढावाही, पण जपून. आपल्याकडे फळ गोडात मुरवणं जुनं आहे. मोरंबा किंवा मुरांबा हा शब्द अरबी-फारसी 'मुरब्बा'वरून आला. गुळात केला तर गुळांबा, साखरेत केला तर साखरांबा. मराठीनं गोड पदार्थ कुठला वापरला हे नावातच सांगून ठेवलंय. गोव्यात आंब्याचं मांगाड आणि पेरूचं पेराड होतं. पोर्तुगीजांचं 'मार्मेलादा' हे मार्मेलो नावाच्या फळाच्या घट्ट गराचं नाव. इंग्रजी मार्मलेड तिथूनच निघालं. शिवाय पेरू हे फळच मुळात अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेलं.

मग जाम नवा की जुना? मोरंब्यात फोडी पाकात सुट्ट्या राहतात. जाममध्ये गर आणि साखर मिळून एकजीव थर होतो, आणि तो सांडत नाही. हा शेवटचा फरक मला तेव्हा किरकोळ वाटला होता. तो लक्षात ठेवा.

साखरेचा रस्ता

सिडनी मिंट्झ या मानववंशशास्त्रज्ञाचं 'स्वीटनेस अँड पॉवर' हे 1985 चं पुस्तक तुम्ही वाचलं नसेल तर वाचा. इंग्लंडमध्ये साखर ही श्रीमंतांची चैन होती, ती कामगारांच्या रोजच्या खाण्यात कशी उतरली आणि तिचा वेस्ट इंडिजमधल्या गुलामगिरीशी काय संबंध होता, हे तो मांडतो. जाम त्या गोष्टीत ठळकपणे येतो. 1874 मध्ये ब्रिटननं साखरेवरचा आयातकर पूर्ण काढून टाकला. स्वस्त साखरेवर हार्टली, चिव्हर्स यांच्यासारखे जामचे कारखाने उभे राहिले. कारखान्यात राबणाऱ्या बाईला घरी जाऊन रांधायला वेळ नसायचा. पाव आणि जाम हे तिच्या मुलांचं जेवण झालं, कारण त्याला चूल पेटवावी लागत नाही.

या रस्त्यावर मराठी माणूसही आहे, पण वेगळ्या टोकाला. ब्रिटिश साम्राज्यात 1834 मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा मॉरिशसच्या ऊसमळ्यांना मजूर हवे होते. त्याच वर्षापासून भारतातून करारावर मजूर जायला लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही संख्या सुमारे साडेचार लाखांवर गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले आणि घाटावरचे मराठी लोक होते. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, आणि तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते. त्या मळ्यांची साखर फिरून मुंबईच्या बाजारात यायची. जुन्या मराठीत बाहेरून आलेल्या पांढऱ्या साखरेला 'मोरस साखर' म्हणत. गुजरातीत तर 'मोरस' हा साखरेला अजूनही चालणारा शब्द आहे. तो मॉरिशसवरूनच आला.

1905 नंतरच्या स्वदेशी चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला. ती साफ करताना हाडं वापरतात हा आक्षेप त्यात मोठा होता, आणि शुद्धीकरणात हाडांचा कोळसा वापरला जायचा हे खरंही होतं. पुढे 1932 मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. तोवर देशात आधुनिक कारखाने तीसच्या आसपास होते, पाचेक वर्षांत ते 130 च्या पुढे गेले. लोणीला प्रवरेच्या सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप 1950-51 च्या हंगामात झालं.

म्हणजे आजीच्या पणजीला पांढरी साखर मिळाली असलीच तर ती बोटीनं आलेली, आणि आजीला मिळाली ती बहुधा देशातली. पण पिकली म्हणजे हातात पडली असं होत नाही. मधे सरकार असतं. सरकार, साखर आणि घरचा जाम यांचं सर्वांत नीट नोंदलेलं उदाहरण आपल्याकडचं नाही, म्हणून थोडं लांब जाऊ.

इंग्लंड, 1940

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये 8 जानेवारी 1940 ला रेशनिंग सुरू झालं. पहिल्याच यादीत साखर होती. त्या उन्हाळ्यात फळं मात्र भरपूर आली. बागा भरलेल्या, साखर नाही. आपल्या पानासारखीच अडचण. तिथे 'विमेन्स इन्स्टिट्यूट' ही ग्रामीण बायकांची संघटना होती. 1897 मध्ये कॅनडात सुरू झालेली, 1915 मध्ये ब्रिटनमध्ये आलेली. सरकारनं या संघटनेला जामसाठी साखर दिली. गावच्या सभागृहांत, शाळांत, कुणाच्या स्वयंपाकघरांत केंद्रं उघडली. 1940 या एका वर्षात 2,600 च्या आसपास केंद्रांत 1,600 टनांहून अधिक टिकाऊ पदार्थ तयार झाले. 1940 ते 1945 मिळून 5,300 टन फळं टिकवली गेली.

हे आकडे अभ्यासकांना फार आवडतात, मलाही आवडले होते. पण ते नोंदतात काय, ते बघा. साखर सरकारची, म्हणून तिच्या पै न् पैचा हिशेब. जामच्या वजनाचा हिशेब. पण स्टोव्हपुढे उभं राहणाऱ्या बाईच्या तासांचा हिशेब नाही, कारण तिला त्याचे पैसे मिळत नव्हते. मार्च 1941 पासून जामही रेशनवर आला आणि केंद्रांतला जाम दुकानांत जायला लागला. तिला स्वतःला त्यातली बरणी हवी असेल तर तीही आपल्या रेशनमधूनच घ्यायची. ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग उठलं ते 1953 मध्ये, युद्ध संपून आठ वर्षं झाल्यावर.

या उदाहरणातून मी एकच गोष्ट घेतली. जिथे सरकारची वस्तू येते तिथे नोंद तयार होते, आणि ती नोंद त्या वस्तूची असते, काम करणाऱ्या माणसाची नसते. माणूस शोधायचा तर नोंदीच्या कडेला शोधावा लागतो. आजीच्या पानावर ती कड म्हणजे तो कंस होता.

पानाला तारीख कशी लावायची

आता हातात काय काय आहे ते मांडू.

पहिलं, शेर खोडून किलो. मेट्रिक वजनं देशात 1958 पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि 1962 पर्यंत बंधनकारक झाली. पण सावध राहा. लोक पुढेही अनेक वर्षं शेरातच बोलत होते. शिवाय शेर सगळीकडे एकसारखा नव्हता. 80 तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे 933 ग्रॅम, मुंबईकडचा जुना शेर त्याहून खूप लहान. आजीनं शेराचे किलो करताना आकडा बदललेला नाही, फक्त शब्द बदललाय. याचा अर्थ ती मोजून रूपांतर करत नव्हती. रसाला आणि साखरेला एकच माप असलं की प्रमाण तेच राहतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

दुसरं, 'कंट्रोल' आणि 'बाहेरची'. 1967 मध्ये साखर अंशतः नियंत्रणमुक्त झाली. कारखान्यांनी 60 टक्के साखर सरकारला ठरलेल्या भावानं द्यायची, ती रेशनच्या दुकानात म्हणजे कंट्रोलमध्ये मिळायची. उरलेली 40 टक्के खुल्या बाजारात. पुढे हे प्रमाण आणि ही व्यवस्था अधूनमधून बदलत गेली, पण दोन भावांची साखर ही गोष्ट लोकांच्या अंगवळणी पडली. म्हणून पान 1967 नंतरचं असण्याची शक्यता जास्त. शक्यताच म्हणतेय, कारण काळ्या बाजारातली 'बाहेरची' साखर त्याआधीही होतीच.

तिसरा पुरावा मी सहा महिने पाहिलाच नव्हता. फोटो पानाच्या पुढच्या बाजूचा होता. वही परत हातात घेतली तेव्हा मागच्या बाजूला धाकट्या मामाच्या अक्षरात अकरावी बोर्डाच्या अभ्यासाचं वेळापत्रक सापडलं. त्यात 'सोमवार 11 मार्च' असं होतं, साल नव्हतं. महाराष्ट्रात शालान्त परीक्षा 1975 पासून दहावीला आली, म्हणजे वेळापत्रक त्याच्या आधीचं. 11 मार्चला सोमवार कधी होता? 1963, 1968 आणि 1974. मामाचा जन्म 1957 चा. 1968 मध्ये तो अकरा वर्षांचा होता. राहिलं 1974.

तेव्हा एक धडा लिहून घ्या, अगदी साधा आहे: दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मी स्वतःचे सहा महिने घालवलेत.

वेळापत्रक 1974 चं म्हणून जामचं पानही त्याच वर्षाचं असं लगेच सिद्ध होत नाही. घरात कोऱ्या बाजूचा कागद वाया घालवत नसत, एक बाजू आधीची असू शकते. पण निदान आता आजीला विचारायला माझ्याकडे नेमका प्रश्न होता.

1974 म्हणजे काय

विचारायला जाण्याआधी त्या वर्षाची माहिती काढली. मुलाखतीआधी हे नेहमी करा. 1972 चा दुष्काळ महाराष्ट्र विसरलेला नव्हता. 1973 मध्ये जगात तेलाचे भाव भडकले, आणि 1974 मध्ये आपल्याकडे महागाईचा दर 20 टक्क्यांच्या वर गेला. मुंबईत 1972 पासूनच मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली होती. तिचे लाटणं मोर्चे गाजले. धान्य, तेल, साखर, रॉकेल रेशनवर वेळेवर आणि पुरेसं मिळावं यासाठी बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या.

आजी कुठल्याच मोर्चाला गेली नव्हती. पण मोर्च्यातल्या मागण्यांमध्ये असलेली साखर आणि तिच्या कंसातली साखर एकच होती. चळवळीवर लिहिलेलं पुष्कळ सापडतं. ज्या बायका मोर्चाला गेल्या नाहीत त्यांनी महागाई घरात कशी निभावली, हे शोधायला गेलं की हाताशी अशा वह्याच उरतात.

आजीचं म्हणणं

आजी आता नव्वदीत आहे. मी रेकॉर्डर लावला, परवानगी घेतली आणि विचारलं, "आजी, जाम करायला तू कुठे शिकलीस?"

"महिला मंडळात तालुक्याच्या बाई यायच्या, त्यांनी दाखवला. त्यात काय शिकायचंय? जाम कुणीही करील. साखर कशी जमवली ते विचार."

मग तिनं सांगितलं. मामाची परीक्षा झाली होती, जूनमध्ये तो कॉलेजसाठी मुंबईला जाणार होता, चुलत्यांच्या खोलीवर राहायला. तिथे सकाळी त्याच्यासाठी कुणी काही करून देणार नव्हतं. पाव विकत मिळेल, लावायला काहीतरी हवं. "मग मोरंबा का नाही दिलास?" मी विचारलं. ती हसली. "यष्टीत पाक सांडतो गं. ट्रंकेतले कपडे चिकट झाले असते त्याचे."

माझं 'पाश्चात्त्य प्रभावामुळे' तिथेच संपलं. या घरात मोरंब्याऐवजी जाम झाला, कारण तो एसटीच्या प्रवासात सांडत नव्हता.

साखरेसाठी तिनं माघ-पौषापासून, म्हणजे जवळपास चार महिने, कंट्रोलच्या साखरेतली थोडी थोडी बाजूला काढली. मामाला अभ्यासामुळे दूध साखर घालून. आजोबांच्या चहात साखर. पाहुण्यांच्या चहात साखर. "आणि तुझ्या?" "मला गुळाचा चालायचा." चालायचा, की आवडायचा? असं विचारल्यावर ती काही बोलली नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. मीही पुढे ढकललं नाही. तरी एक किलो कमी पडलीच. ती खुल्या बाजारातून आणली, आणि भाव परत कधी घरात निघू नये म्हणून वहीत वेगळी लिहून ठेवली. कंस होता तो हिशेबाचा. आजोबांनी विचारलं तर दाखवायला.

आता संशोधक म्हणून थांबायची वेळ. आजी म्हणाली की हे 'आणीबाणीत' झालं. आणीबाणी लागली जून 1975 च्या शेवटी, तोवर कोकणातला आंबा संपलेला असतो. आठवण मोठ्या घटनेला जाऊन चिकटते, हे मौखिक इतिहासात नेहमी होतं. 'मामाची अकरावी झाली तो उन्हाळा' ही खूण मला जास्त भरवशाची वाटते, कारण ती घरातल्या बदलाशी बांधलेली आहे आणि कागदाशी जुळते. म्हणून मी 1974 धरते, आणि प्रबंधात ही विसंगती लपवणार नाही.

दुसरं असं, की एका आजीवरून महाराष्ट्राचा इतिहास होत नाही. ज्यांच्या परसात आंबा नव्हता, ज्यांच्या कार्डावरची साखर चहालाही पुरत नव्हती, त्यांच्या घरी जामचं पानच नसणार. वही असणं हेही लिहिता येण्याचं आणि फुरसतीचं लक्षण आहे. माझं साधन कुणाबद्दल गप्प आहे हे मला प्रकरणाच्या सुरुवातीलाच सांगावं लागेल.

पण प्रश्न मिळाला. सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे: 'साखरेचे दोन भाव असलेल्या काळात घरातल्या साठवणीच्या गोड पदार्थांसाठी साखर कुणाच्या वाट्यातून काढली गेली?' मॅडमनी या वेळी पेन्सिल लावली नाही. फक्त म्हणाल्या, "आता आणखी वीस घरं."

तुमचं काम

तुमचा विषय पदार्थांचा नसेल तरी हे करून बघा.

घरातल्या किंवा ओळखीच्या कुणाच्या वहीतलं एक पान घ्या, परवानगी घेऊन. दोन्ही बाजू पाहा. प्रत्येक वस्तूपुढे लिहा: घरातली की बाहेरची? बाहेरची असेल तर तिच्यावर त्या काळात कुणाचं नियंत्रण होतं? मापं कुठली आहेत, आणि ती कधी बदलली?

मग छापील पुस्तकांकडे वळा. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 1875 चं 'सूपशास्त्र', लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 1910 चं 'गृहिणी-मित्र', कमलाबाई ओगले यांचं 1970 चं 'रुचिरा' ही तीन शेजारी ठेवा. गोड साठवणीच्या कृतींमध्ये फळाला गोडाचं प्रमाण किती, गूळ किती वेळा, साखर किती वेळा, माप वजनाचं की वाटीचं, एवढंच एका तक्त्यात भरा. अर्थ लगेच काढू नका. तक्ता भरल्यावर जिथे आकडे अडतात तिथे प्रश्न असतो.

विक्रीचा धागा हवा असेल तर 1955 चा फळपदार्थ आदेश पाहा. विकायच्या जाममध्ये फळ किमान 45 टक्के हवं (स्ट्रॉबेरीसारख्या फळांना 25 टक्के), परवाना हवा, असे नियम त्यातून आले. घरचा जाम आणि विकायचा जाम यांच्यामध्ये कायद्याची रेघ इथे पडली. गृहउद्योग करणाऱ्या बायकांनी ती रेघ कशी ओलांडली, यावर कुणीतरी काम करायला हवं. मी करणार नाहीये, तेव्हा खुशाल घ्या.

आणि मुलाखतीला जाल तेव्हा आपला प्रश्न संपल्यावर थोडं थांबा. आजीनं माझ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात उडवलं आणि मला विचारायला हवा होता तो प्रश्न स्वतःच सांगितला. मी घाईनं पुढचा प्रश्न टाकला असता तर तो निसटला असता.

जाताना आजीनं विचारलं, "हे सगळं पुस्तकात येणार?" म्हटलं, नाव न घालता येईल. ती म्हणाली, "गुळाच्या चहाचं नको लिहूस. तुझ्या आजोबांना माहीत नव्हतं ते." आजोबांना जाऊन बारा वर्षं झाली. मी तिला पुन्हा विचारलं, दोन आठवड्यांनी, वेगळ्या दिवशी, कारण परवानगी एकदा घेऊन भागत नाही. तेव्हा ती म्हणाली, "लिही आता."

तुमचा तक्ता भरून झाला की कळवा. पुढच्या वेळी वीस घरांच्या यादीबद्दल लिहिते. घरं कशी निवडायची, यावर सध्या माझी झोप उडालीये.